आंदणाचे बी

एका शेतकरी बाईने आपल्या लेकीला आंदण द्यायला राखलेले कपाशीचे बी माझ्या हातून नासले. ते तिला सांगण्याऐवजी मी तिच्या गाडग्यात दुसरेच बी भरले आणि तिचेच म्हणून परत दिले. हे मला कुणी करायला सांगितले नव्हते. आमच्या साहेबांना याचा पत्ताही नव्हता. माझ्या नोकरीविषयी पुढे जे लिहितो ते ही गोष्ट कशी घडली एवढे कळण्यापुरतेच.

तेव्हा अमेरिकेत लढाई लागली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. व्यापाऱ्यांची माणसे शेताच्या धुऱ्यावर येऊन उभी राहत आणि बोंड फुटण्याआधी सौदा करत. पिकेल ते विकले जाई, त्यामुळे चांगले-वाईट कुणी निवडीना. आमच्याकडची बनी कपाशी लांब, मऊ धाग्याची. जरी नावाची दुसरी जात आखूड धाग्याची आणि राठ, पण पीक जास्त देणारी. लोकांनी दोन्ही एकत्र पेरल्या, एकत्र वेचल्या. विलायतेहून तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा सरकारने कापसाकडे पाहायला एक लहानसे खाते काढले आणि त्याची कचेरी अमरावतीला थाटली.

कचेरी म्हणजे तीन खोल्या. पहिलीत साहेबांचे भिंग, तराजू आणि काळी मखमल लावलेली एक फळी. त्या फळीवर कापसाचे धागे ओढून त्यांची लांबी मोजायची. दुसरीत शिळाप्रेस, म्हणजे दगडावर छापायचे यंत्र. तिसरीत पुस्तकांची कपाटे. त्यांतच गावोगावच्या कापसाचे आणि बियांचे नमुने जाड कागदावर चिकटवून, बांधून ठेवलेले. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला, कारकुनाचाच मुलगा. माझे अक्षर वळणदार म्हणून मला घेतले होते. शेतकऱ्यांसाठी पत्रके लिहायची, नमुने गोळा करायचे आणि पुस्तकांची खोली राखायची, अशी माझी तीन कामे. या खोलीचा मुख्य म्हणून मला कायम करण्याचे साहेबांच्या मनात होते, आणि हे मला माहीत होते. माझ्या पुष्कळशा वागण्याचे मूळ त्या माहितीत आहे.

हिवाळ्यात नमुने आणायला मी अकोल्याच्या बाजूला फिरत होतो. मोर्णेकाठच्या एका गावात एका घराच्या ओसरीवर पन्नाशीकडे झुकलेली एक बाई सपाट दगडावर कापूस धरून त्यावरून लोखंडी कांब फिरवत बसली होती. सरकी एका बाजूला टपटप पडत होती. एव्हाना सगळा गाव कापूस रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, पाठवी आणि सरकी तिथेच निघे. घरी, हाताने सरकी काढणारे कुणी मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. मी थांबलो.

"काय पाहून राहिला, बापू?" ती म्हणाली. "कापूसच हाय तो. पळून नाही जात."

मी थोडा कापूस उचलून बोटांनी ओढला. धागा ओढत गेला तसा निघत गेला. ती निखळ बनी होती.

"मावशी, हे बी विकता का?"

"विकाचं असतं तं रेच्यावर नसतं धाडलं? हे पोट्टीचं हाय."

तिचा नवरा खांबाला टेकून दोर वळत होता. तो म्हणाला, "तिच्या मायनं तिले देल्लं, ते आता हे पोरीले देऊन राहिली. या वावरात माह्यं काहीच नाही, बापू. मी निरा बैल हाकलतो."

"ते तरी नीट हाकल," ती म्हणाली.

त्या घरची रीत तिने मला सांगितली. कापसाची वेचणी सुरू करताना आमच्याकडे बाया सीतादही करतात. शेतात सात खडे मांडायचे, त्यांना चुना लावायचा, दहीभाताचा निवेद दाखवायचा आणि मग पहिले बोंड खुडायचे. या बाईच्या माहेरी त्या खड्यांभोवतालची झाडे शेवटपर्यंत वेचत नसत. सगळे शेत रिकामे झाले की त्या झाडांचा कापूस वेगळा आणायचा, घरी सरकी काढायची, ती शेणराखेत घोळून वाळवायची आणि गाडग्यात भरून तोंड शेणमातीने लिंपून टाकायचे. मुलगी सासरी निघाली की तिच्या आंदणात ते गाडगे जाई. सासरच्या शेताचा एक तुकडा त्या बियाने पेरला जाई आणि त्या तुकड्याला सुनेच्या माहेरचे नाव पडे. हिला मुलगे होते, मुलगी एकच; ती आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, अमरावतीजवळच्या एका गावात नांदायला जाणार होती. तिचे गाडगे भरून लिंपलेले, कोनाड्यात ठेवलेले होते. आता चालले होते ते घरच्या पेरणीचे बी.

मला मूठभर सरकी पुरली असती. दगडावरची ओंजळभर तिने आनंदाने दिली असती. पण लिंपलेले गाडगे जसेच्या तसे साहेबांच्या टेबलावर ठेवावे, आपल्या हाताने त्याचे लिंपण फोडून दाखवावे आणि रीत समजावून सांगावी, असे माझ्या मनात आले. मी म्हणालो, "मावशी, ते गाडगंच द्या. साहेबांना दाखवून परत आणतो."

"सरकारचं मुठीनं भागत नाही का?"

"बी तुम्ही कसं राखता ते त्यांना पाहायचं आहे. गावाचं नाव छापून येईल."

गावाचे नाव म्हटल्यावर नवऱ्याने दोर खाली ठेवला. "दे ना वं," तो म्हणाला. "कोनी खाते का ते?"

तिने कांब बाजूला ठेवली, पदर झटकला. मग उठून तिने गाडगे आणले. "आखाजीच्या पयले आलं पायजे. पोरीच्या वटीत घालाचं हाय."

"येईल. मी शब्द देतो."

"सबद मोठे लोकं देतात, बापू. तू कारकून हायस. तू गाडगं आनून दे."

मी हसलो. तीही हसली. गाडगे माझ्या पंचात बांधून तिने वर गाठ मारली.

अमरावतीला जे हवे होते ते सगळे झाले. साहेबांसमोर मी गाडग्याचे लिंपण फोडले, शेणराख चोळून सरकी मोकळी करून दाखवली, सीतादहीचे सांगितले. साहेबांनी भिंगातून पाहिले, थोडे बी ओल्या फडक्यात ठेवले. ते भराभर रुजले. "हे पत्रकात घाला," साहेब म्हणाले, "आणि या बियाचा नमुना संग्रहात ठेवा." माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. उरलेली सरकी मी एका फडक्यात बांधून टेबलाच्या टोकाला ठेवली.

संग्रहात कीड फार होती. पुस्तके कसर खाई आणि नमुन्यांत पोरकिडे पडत. म्हणून संग्रहात जाणारी प्रत्येक वस्तू आधी रसकापराच्या पाण्यात बुडवायची, असा साहेबांचा नियम होता. रसकापूर जहाल विष. त्यात बुडालेल्या वस्तूला पुन्हा कीड शिवत नाही. तसे ते बी पुन्हा रुजतही नाही.

त्या दिवशी मी पत्रक लिहीत होतो. शिळाप्रेससाठी खळ लावलेल्या कागदावर तेलकट शाईने लिहावे लागते आणि शाई ताजी आहे तोवर कागद दगडावर दाबावा लागतो. छापणारा मिस्त्री दारात येऊन उभा राहिला.

"मुन्शीजी, दगड तयार हाय."

"आलोच. एवढे नमुने बुडवून येतो."

"दगड वाट नाही पाहत. शाई सुकली का पुन्हा पयल्यापासून लिवा. तुमाले लिवाची हौस हाय म्हना, पन मले घरी जाचं हाय."

मी नमुन्यांची फडकी उचलली आणि एकामागून एक रसकापराच्या घंगाळात सोडली. त्यांत त्या बाईचे फडकेही सोडले. मूठभर काढून घ्यायचे, बाकीचे गाडग्यात परत घालायचे, हे मला त्या सकाळी ठाऊक होते. त्या क्षणी ठाऊक नव्हते. माझ्या डोक्यात पत्रकाची शेवटची ओळ होती. ती ओळ अशी: ‘शहाण्या कास्तकाराने आपले बी दुसऱ्याच्या बियात मिसळू देऊ नये.’

कागद छान उठला. मिस्त्रीने पहिली प्रत उचलून झटकली आणि म्हणाला, "अक्षर म्हनजे मोत्यासारखं." मी खुशीत परत आलो, घंगाळातून फडकी काढून वाळत घातली, आणि तेव्हा पाहिले.

काही बी वाचले असेल म्हणून ते धुऊन ओल्या फडक्यात ठेवले. चार दिवस गेले, आठ दिवस गेले. एकही दाणा फुटला नाही.

एवढ्यावर मी अकोल्याला गेलो असतो आणि बाईला सांगितले असते, तर ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, आणि घरच्या पेरणीतले बी काढून तिने नवे गाडगे भरले असते. आखाजीला अजून अवकाश होता. बी तिच्याकडे होते. नव्हते ते सांगण्याचे धैर्य, आणि ते माझ्याकडे नव्हते. ती कचेरीत येऊन ओरडेल, साहेब विचारतील, खोलीचा मुख्य दुसरा कुणी होईल, एवढेच मला दिसले. ज्या गावाचे नाव पत्रकात छापले त्याच गावचे बी मी विषात बुडवले, हे साहेबांना सांगायचे कसे? मी स्वतःला सांगितले की सरकी ती सरकी.

तरी बनीच मिळावी म्हणून बाजारामागच्या रेच्यांवर गेलो. तिथे सरकीचे ढीग पडलेले. एका रेचेवाल्याला विचारले, "यात बनी कोणती?"

तो हसला. "या साली? बनी कास्तकाराच्या तोंडात हाय, बाबू. माह्या ढिगात सगळी सरकीच."

त्याच ढिगातली सरकी मी फडक्यात भरून घेतली. घरामागच्या अंगणात शेण कालवले, राख घातली, तिच्या ओसरीवर ऐकले होते तसे बी घोळले. शेणराखेने प्रत्येक दाणा सारखा दिसतो. बी एकमेकांना चिकटू नये म्हणून ही रीत. त्या रीतीनेच माझी लबाडी झाकली. माझी बायको दारात येऊन पाहत राहिली. तिने विचारले, "हे काय चाललंय?" मी म्हणालो, "सरकारी काम." वाळल्यावर गाडगे भरले आणि तोंड लिंपले. लिंपताना बोटांचे ठसे उमटले ते मी पाण्याने पुसले. त्या बाईची बोटे माझ्याहून रुंद होती.

आखाजीच्या आधी मी गाडगे घेऊन गेलो. तिने ते दोन्ही हातांत तोलले.

"भारी हाय. म्हनजे सायबानं खाल्लं नाही."

नवरा म्हणाला, "म्या काय म्हनलं होतं?"

तिची मुलगी आतून आली. सोळा-सतरा वर्षांची असेल. तिने गाडगे घेतले आणि हळद लावलेल्या पाटावर ठेवले. मी बरोबर छापील पत्रक नेले होते. नवऱ्याने ते वाचून दाखवायला सांगितले. गावाचे नाव आले तेव्हा ओसरीवर जमलेल्या शेजाऱ्यांत खसखस पिकली. ‘दुसऱ्याच्या बियात मिसळू देऊ नये’ ही ओळही मी वाचली. माझा आवाज कापला नाही. आज मला त्याचेच जास्त वाटते.

त्यांच्या घरचे शिजलेले अन्न तेव्हा आमच्या जातीला चालत नसे, म्हणून तिने मला शिधा बांधून दिला: कणीक, हरभऱ्याची डाळ, गूळ आणि वर झाडाचे आंबे. "सबद पाळला बापू तू," ती म्हणाली. "घरी पुरन घालजो." आखाजीच्या दिवशी माझ्या घरी त्याच शिध्याच्या पोळ्या झाल्या. आई म्हणाली, डाळ फार गोड आहे. मी खाल्ल्या.

पुढच्या दिवाळीनंतर, वेचणीच्या दिवसांत, एक थोराड शेतकरी कचेरीत आला. पत्रकात मीच लिहिले होते की ज्याला आपल्या कापसाची जात कळून घ्यायची असेल त्याने मूठभर कापूस कचेरीत आणावा. त्याने धोतराच्या सोग्यातून कापूस काढून टेबलावर ठेवला.

"पाहा बरं बाबू. हे बनी हाय का जरी?"

साहेब दौऱ्यावर होते. मी धागा ओढून मखमलीवर धरला. आखूड, राठ.

"जरी आहे," मी म्हणालो. "थोडी बनी असेल, पण बहुतेक जरीच."

"बराबर पाह्यलं ना? सुनेच्या आंदनातलं बी हाय. तिची माय म्हने, असली बनी मुलखात नाही." मग त्याने मोर्णेकाठच्या त्या गावाचे नाव घेतले.

मला आठवते की मी मखमलीवरचा धागा उचलून पुन्हा धरला, जणू आता तो वेगळा निघेल.

"इहीनबाईच्या घरी सौता जाऊन पाह्यलं म्या," तो म्हणाला. "तिच्या वावरात तं बनी उभी हाय. म्हनजे चांगलं पोराईसाठी ठेवलं अन पोरीले ढिगातलं देल्लं. मी म्हनलं, आपन गावठी मानूस, आपली नजर चुकत असन. सरकारले इचारावं. आता सरकारनंच सांगतलं."

तेव्हा तो उठेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. त्याने कापूस गोळा करून सोग्यात बांधला, पागोटे सारखे केले, दारात जोडे घातले. मी टाक शाईत बुडवत राहिलो. बी नासणे ही चूक म्हणता येईल, गाडगे बदलणे हा भित्रेपणा. पण त्या दिवशी एका आईविरुद्ध खोटी साक्ष मी गप्प राहून दिली, आणि ती सरकारच्या टेबलावर बसून दिली. तिच्या व्याह्याने ती प्रमाण मानली, कारण ती कचेरीतून आली होती.

खोलीचा मुख्य मी झालो. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव उतरले, व्यापारी धुऱ्यावर यायचे थांबले. खात्याची माणसे कमी झाली, साहेब बदलून गेले, शिळाप्रेस दुसऱ्या कचेरीने नेला. पुस्तके आणि नमुने तेवढे राहिले आणि त्यांच्याबरोबर मी. त्या बाईचे विषात बुडवलेले बी जाड कागदावर चिकटवलेले होते. त्याला कीड लागली नाही. पाहुणे येत तेव्हा ते पान मी उलटून टाकी.

केस पिकू लागल्यावर एकदा अमरावतीच्या बाजारात मी भाजी घेत होतो. बाजूला एक माळीण वांग्याचे बी विकत होती. तिच्यासमोर पस्तिशीची एक बाई उकिडवी बसली होती.

"घे वं, माह्या माहेरचं बी हाय," माळीण म्हणाली. "दगा नाही देत."

"माहेरच्या बियाचं मले नको सांगू बाई," ती हसत म्हणाली. "माह्या गावची बनी सरकारनं कागदात छापली, अन माह्या मायनं मले आंदनात जरी देल्ली."

"माय असं करते का कुठं?"

"केलं ना. पोट्टी काय, जानारीच. पोराईले ठेवा लागते." तिने बी तळहातावर घेऊन पाहिले. "सासू माही अजून म्हनते, वांगे लाव पन माहेरचे नको लावू." आणि दोघी हसल्या.

ती रडत असती तर कदाचित मी निघून गेलो असतो. तिने ती गोष्ट हसण्याजोगी करून टाकली होती, रोज वापरून गुळगुळीत केली होती. तिला ती खरी वाटत होती. इतकी वर्षे मी सासूच्या टोमण्यांचा विचार करत आलो होतो. मुलगीच आईला तसे समजत असेल हे माझ्या मनात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी अकोल्याची गाडी धरली.

बाई म्हातारी झाली होती. नवरा वारला होता, मुले शेतावर होती. ओसरीवर तोच दगड होता, आता त्यावर मिरच्या वाळत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "गाडग्यावाला बापू. ये." मी खाली बसलो आणि आठवेल तसे सगळे सांगितले. घंगाळ, रेचेवाला, शेणराख, व्याही. ती मिरच्या उलटत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हनजे गाडग्यात दुसरं होतं."

"हो."

"तूच घातलं."

"हो, मावशी."

तिने एक मिरची उचलली, पाहिली, परत ठेवली. "घरी दोन गाडगे होते ना त्या साली. एक पोरीचं, एक बाजारातून आनलेल्या सरकीचं, बैलाईले चाराले. मले वाटे, का मीच चुकलो. घाईघाईत बैलाईचं गाडगं पोरीच्या वटीत घातलं असन. आतापर्यंत मलेच इचारून राहिलो होतो, का हे पाय तुहे, हे हात तुहे, तू कसं इसरली."

मला वाटले होते ती मला शिव्या देईल.

"मुलगी येते का?" मी विचारले.

"येते. दिवाईले येते, खाते, जाते. बी मांगत नाही. म्या एक डाव देऊन पाह्यलं. म्हने, माय, राहू दे, तुह्या पोराईले लागन."

मी तिच्या पायांकडे हात नेला. तिने पाय आखडून घेतले.

"मले नको. मले सांगतलं ते झालं. तिच्या घरी जाय. आंगनात उभं राहून सांग, घरात नको. तिची सासू जित्ती हाय, तिच्यासमोर सांग."

"सांगतो. तुमचं बी द्या, मी बरोबर नेतो."

ती पहिल्यांदा हसली. "गाडगं? तुह्या हाती?" पदराने तिने डोळे पुसले. ते हसण्याने आले होते की कशाने, ते मला कळले नाही. "नाही बापू. तू निरा तोंड घेऊन जा."

तसाच रिकाम्या हाती गेलो. अमरावतीला उतरून, घरी न जाता, छकडा करून त्या गावी पोचलो. अंगणात सासू तुरी पाखडत होती. थोराड व्याही आता वाकला होता, बाजेवर बसला होता. सून गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली आणि परका माणूस पाहून पदर सावरून उभी राहिली.

"कोन पायजे?" सासूने विचारले.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबा, तुम्ही एकदा कापूस घेऊन अमरावतीच्या कचेरीत आला होतात. मी तिथला कारकून."

त्याने डोळे बारीक केले. "हो. तुमीच सांगतलं होतं, जरी हाय म्हनून."

"ती जरीच होती. पण तुमच्या विहिणीनं दिलेली नव्हती. मी घातलेली होती."

सासूचे सूप थांबले. शेजारच्या कुडावरून कुणीतरी डोकावले. म्हातारीने अंगणात उभे राहून सांग असे का म्हटले ते मला तेव्हा समजले. मी आवाज मोठा केला आणि पुन्हा सगळे सांगितले, या वेळी क्रमाने, काही न गाळता. पुराचे पाणी हळूहळू पायरी चढावे तशी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समज चढत गेली. सासू एकदा म्हणाली, "अन आमी तिले एवढे साल..." आणि सूप खाली ठेवले. सून शेणाचे हात तसेच पुढे धरून उभी होती. मी तिच्याकडे वळलो. वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती, पत्रकात शोभतील अशी. त्यातले एकही आले नाही. हात जोडून म्हणालो ते एवढेच:

"ताई, तुमच्या आईनं तुम्हाला बनीच दिली होती. मी ती नासवली, आणि तुम्हाला रेच्याच्या ढिगातली सरकी दिली. तुमचे सासरे विचारायला आले तेव्हा मी गप्प राहिलो. तुमच्या आईचं काही चुकलं नाही. चुकलो मी. मला क्षमा करा असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो. मला क्षमा करा."